मोकळी नाडी

माझ्या तोंडाला लागू नये हे आमच्या अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे. चिखलोलीला राहायला आलो त्याच महिन्यात मी पाण्याच्या टँकरवाल्याला असा झापला होता की तो अजून मला बघितलं की पाइप सरळ धरतो. पण त्या यज्ञेश सरला बिचाऱ्याला हे माहीत नव्हतं. कारण त्याच्याकडं मी जात नव्हते. जात होते पायलचे पप्पा, म्हणजे आमचे मिस्टर, शंकर.

सांगते. पहिल्यापासून सांगते, मध्ये बोलू नका.

हा यज्ञेश सर उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये, पडद्यांच्या दुकानाच्या वरच्या माळ्यावर नाडी केंद्र चालवतो. मी त्याच रस्त्यावर जीन्सच्या कारखान्यात चेकिंगला आहे, रोज त्याच्या बोर्डाखालून जाते. बोर्डावर एक उघडा माणूस काढलाय आणि त्याच्या अंगातून लाल-निळ्या रेघा गेल्यात, डोक्यापासून तळव्यापर्यंत. त्या रेघा म्हणजे नाड्या. त्यांतून म्हणे प्राण वाहतो. डोळ्यांना दिसत नाहीत, मशिनीत येत नाहीत, पोट फाडलं तरी सापडत नाहीत, पण आहेत. नाडी तुंबली की आजार, मोकळी झाली की माणूस बरा. आणि सगळ्या नाड्यांची टोकं येतात तळव्यावर. म्हणून तळवा दाबायचा. जिथं दुखेल तिथली नाडी तुंबलेली. दाबत राहायचं. दुखायचं थांबलं की समजायचं, मोकळी झाली.

हे शेवटचं वाक्य नीट ऐका. ह्याच वाक्यानं आमचं वाटोळं केलं.

आता तुम्ही म्हणाल, तुमच्या घरात असलं चालतंच कसं? नाहीच चालत! आमच्या घरात बुवा नाही, लिंबू नाही, अंगारा नाही. माझ्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली त्या दिवसापासून भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, बस, तिसरा फोटो नाही. पायलचे पप्पा तर ह्यात सासऱ्यांच्या वर. मोरिवलीच्या चाळीत होतो तेव्हा शेजारच्या बाळाच्या दंडाला ताईत दिसला तर हे भांडून दवाखान्यात पाठवायचे. लोक म्हणायचे, शंकर आला, लपवा ताईत! असा कडक माणूस.

पण यज्ञेश सर बुवा नव्हता ना. तिथंच सगळी गोम. बुवा असता तर ह्यांनी पहिल्या दिवशी त्याला जिन्यावरून खाली आणला असता. हा इस्त्रीचा शर्ट घालतो, चष्मा लावतो, हळू बोलतो. भिंतीवर चार्ट. टेबलावर प्लास्टिकचा पाय, त्याच्यावर रंगीत ठिपके. आमच्या मजल्यावरची मालिनी गुडघ्यासाठी जायची, ती ह्यांना घेऊन गेली. सरनं ह्यांच्या शर्टाच्या खिशाला लावलेला निळा बिल्ला बघितला आणि म्हणाला, "ह्यात देवबिव काही नाही हं, काका. शास्त्र आहे. भिक्खूंनीच इथून तिकडं नेलं, चीन-जपाननं जपलं. आपलंच आपल्याकडं परत येतंय."

भिक्खू म्हटल्यावर आमचा माणूस खलास.

खोटं कशाला बोलू, दाबून बरं वाटतं. मालिनीनं एकदा माझी पाठ दाबली होती तर रात्री झोप लागली. दिवसभर उभं राहून जीन्सच्या शिवणी तपासणाऱ्या बाईला कोणी पाठ दाबून दिली तर बरं वाटणारच, त्याला नाडी कशाला पाहिजे? तेवढ्यावर राहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. दाबा म्हणावं, तेल लावून दाबा.

पण पप्पांना शुगर. जुनी शुगर, मोरिवलीजवळच्या केमिकल कंपनीत ऑपरेटर होते तेव्हापासूनची. गोळ्या चालू होत्या, मी डब्यात भाकरी द्यायचे, गाडी चालली होती. सरनं पहिल्या दिवशी ह्यांच्या तळव्यात जिमी दाबली. जिमी म्हणजे लाकडी दांडी, तिला चहूकडून टोकं. हे खुर्चीतून हातभर उडाले. सर म्हणाला, "बघा, किती तुंबलंय!" मग काटेरी पाटावर उभं राहायचं. पाट म्हणजे प्लास्टिकची फळी, तिच्यावर नुसते सुळके. रोज सकाळी उपाशीपोटी. पहिले पहिले हे ओरडायचे, भिंत धरायचे. मला हसू यायचं. म्हटलं, बायकोचा त्रास कमी पडला म्हणून आता हा आणलाय.

वर्षभरात ओरडणं बंद झालं. आधी बोटांचं थांबलं, मग टाचेचं. हे त्या पाटावर उभं राहून पेपर वाचायला लागले. चहा प्यायला लागले. सर खूश, मालिनी खूश, बिल्डिंग खूश. कोणाच्याही डोक्यात आलं नाही की दुखायचं थांबणं दोन प्रकारचं असतं. बरं झालं तरी दुखायचं थांबतं, आणि मेलं तरी थांबतंच.

आणि सरचं पुढचं चालूच. "गोळ्यांनी नाडी जड होते, हळूहळू सोडा." ह्यांनी सोडल्या. मी भांडले. "मग रक्त तरी तपासून या," म्हटलं. तर मला सरचं उत्तर तोंडपाठ म्हणून दाखवलं, "लॅबचा आकडा माणसाला घाबरवतो. आकड्याला विचारू नये, पायाला विचारावं." पायल पुण्याहून फोनवर ओरडली, "पप्पा, येडे झालात काय?" तिलाही तेच. पालथ्या घड्यावर पाणी. मी रागानं तो पाट एकदा माळ्यावर टाकून दिला, तर हे केंद्रातून दुसरा घेऊन आले.

त्यांचं पण कळत होतं मला, नाही असं नाही. कंपनी बंद झाल्यापासून माणूस घरात बसलेला. ज्या हातांनी अख्खा प्लांट चालवला त्या हातांनी कोथिंबीर निवडायची. शेजारी विचारणार, काय शंकरभाऊ, आज पण घरीच? आणि तिकडं केंद्रात गेलं की "या, शंकर सर!" पांढरा टी-शर्ट दिला, छातीवर तो रेघांचा माणूस. नवीन पेशंट आला की ह्यांना बोलवायचं. हे पाटावरून चालून दाखवणार, लोक टाळ्या वाजवणार. किती दिवसांनी कोणी ह्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या. म्हणून मी गप्प बसायचे. मी आणि गप्प, म्हणजे विचार करा.

तर तो शनिवार. रविवारी केंद्राचा मोठा कार्यक्रम होता, बदलापूर-वांगणीपासून शुगरवाले लोक येणार होते आणि त्यांच्यासमोर हे चालून दाखवणार होते. संध्याकाळी हे नाक्यावरून भाजी घेऊन आले. मी पोळ्या लाटत होते. हे दारात उभे आणि एक पाय झटकतायत. डावी चप्पल निघाली. उजवी निघेना. परत झटकला. निघेना.

"डांबरानं चिकटली वाटतं," म्हणाले आणि हसले.

मी लाटणं ठेवून गेले, म्हटलं बघू. खाली बसले, चप्पल ओढली. येईना. जोर लावला तशी ती सुटून हातात आली. रबरातून आरपार एक खिळा वर आलेला, खुर्चीच्या गादीला मारतात तसला, बोटाच्या पेराएवढा. ओला. ह्यांच्या मोज्यातून रक्ताची धार लागली, माझ्या पुसलेल्या लादीवर.

मी किंचाळले. आणि हे? ह्यांनी खाली बघितलं, तो खिळा बघितला, आणि तोंड असं उजळलं, पायल पहिली आली होती तेव्हासुद्धा असं उजळलं नव्हतं.

"बघितलंस, सरू? नाक्यापासून आलो. काही नाही! एवढंसुद्धा नाही! नाडी पूर्ण मोकळी झाली."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आग माझ्या तळपायाची हं. त्यांच्या तळपायाला खरोखरची आग लावली असती तरी त्यांना कळली नसती.

"अहो, खिळा घुसलाय पायात! खिळा! आणि दात कसले काढताय?"

बळंच खुर्चीत बसवलं. मोजा ओढून काढला, पाय मांडीवर घेऊन धुवायला लागले. किती महिन्यांनी तो पाय मी असा हातात घेतला होता. केंद्रातून ऊर्जा टिकायला म्हणून पांढरे मोजे दिलेले, हे ते अंघोळ आणि पाट सोडला तर काढायचेच नाहीत. खिळ्याचं भोक तर दिसलंच. पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, त्या दोघांच्या बेचक्यात काळं झालेलं. बोटं फाकवली तर वास आला. मेलेल्या उंदराचा येतो तसा.

"हे कधीचं?"

"ते ना? ते सरांना दाखवलंय मी. मागेच दाखवलंय. विष खाली उतरतंय म्हणाले. शरीर कचरा बाहेर टाकतंय. चांगलं लक्षण आहे ते."

चांगलं लक्षण! त्या माणसानं हे काळं बोट बघितलं होतं. चष्मा लावून बघितलं होतं, आणि म्हणाला होता चांगलं लक्षण. त्या क्षणी तो समोर असता तर लाटणं त्याच्या टाळक्यात गेलं असतं, आणि मग बघितलं असतं त्याची कुठली नाडी कुठून मोकळी होते ते.

हे डॉक्टरकडं यायला तयार होईनात. मी मोबाइलवर पायाचा फोटो काढला आणि गाऊनवर ओढणी टाकून तशीच नाक्यावरच्या डॉक्टरांकडं पळाले. साधे डॉक्टर, ताप-खोकल्याचे. त्यांनी फोटो मोठा करून बघितला आणि समोरच्या पेशंटला बाहेर बसायला सांगितलं.

"ह्यांना शुगर आहे ना? गोळ्या चालू आहेत?"

मी नाही म्हणून मान हलवली. काय सांगणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"दुखत नाही म्हणतात?"

"खिळा घुसला तरी हसतायत, डॉक्टर."

ते म्हणाले, शुगरनं पायाच्या नसा मरतात. मेल्या की दुखत नाही. दुखणं हा पायाचा पहारेकरी असतो, तो गेला की घर उघडं. "आज नाहीतर उद्या सकाळी, कल्याणला जा, ठाण्याला जा, कुठंही जा, पण मोठ्या हॉस्पिटलात न्या. आज बोटं आहेत. थांबलात तर पाऊल जाईल. आणखी थांबलात तर गुडघ्याखालून." मी म्हटलं, ते ऐकणार नाहीत, मोकळी नाडी म्हणतात. तर त्यांनी माझ्याच हातावर करून दाखवलं. म्हणाले, डोळे मिटायला सांगा. पायाला हात लावा आणि विचारा, कुठं लावला. ज्याचा पाय जिवंत आहे त्याला कळतं.

घरी आले. सगळं सांगितलं. ओरडून सांगितलं, रडून सांगितलं. भांडीसुद्धा आपटली. हे शांत. "उद्या कार्यक्रम होऊ दे. मी शब्द दिलाय. लांबून लांबून लोक येणार आहेत, सरू. सोमवारी जाऊ, तू म्हणशील तिथं जाऊ." पायाला हात लावू देईनात. स्वतःच पट्टी बांधली, वर मोजा चढवला. मी दाराला आतून कुलूप लावून चावी ब्लाउजमध्ये ठेवून झोपले. सकाळी अंघोळीला गेले तेवढ्यात चावी घेऊन हे पसार. अंघोळीला जाताना चावी टीव्हीवर ठेवणारी मी बावळट!

रिक्षावाल्याला म्हटलं, कॅम्प पाच, आणि मध्ये कोणाला घेऊ नको, सगळ्या सीटा माझ्या. अख्ख्या रस्त्यानं मी शिव्या गोळा करत गेले. कारखान्यात सिंधी सेठाकडून ऐकलेल्या, चाळीतल्या नळावरच्या, माझ्या आईच्या जुन्या गावाकडच्या. एक पण सोडली नाही. जिना चढले तोवर तोंड नुसतं भरलं होतं.

हॉल गच्च. खुर्च्या संपून लोक सतरंजीवर बसलेले. शेतावरची माणसं, हातात पिशव्या. चष्मेवाले पेन्शनर. एक आदिवासी म्हातारी सुनेचा हात धरून. सगळ्यांचे मोजे-चपला बाहेर रांगेत. पुढं स्टेजवर लांबच्या लांब काटेरी पाट मांडलेला आणि त्याच्या टोकाला आमचे हे, पांढऱ्या टी-शर्टात, पँट दुमडलेली. उजव्या पायाला पट्टी. आणि तो सर माइकवर सांगतोय, "शंकर सरांच्या पायातून काल खिळा आरपार गेला. वेदना? शून्य!"

टाळ्या. त्या खिळ्याच्या पण टाळ्या पाडल्या मेल्यानं.

"थांबा!" मी दारातूनच ओरडले. सगळी मुंडकी वळली. पुढच्या रांगेतून मालिनी उठली, "वहिनी, अगं, इथं नको."

"ताई, या ना," सर गोड आवाजात म्हणाला. "फक्त चपला तेवढ्या बाहेर."

"चपला राहू देत पायातच. लागल्या तर हाताशी पाहिजेत."

मागं कोणीतरी हसलं. मी सरळ स्टेजवर गेले. पप्पांचा चेहरा असा पडला की मला क्षणभर वाटलं, परत जावं. सगळ्या लोकांसमोर बायको आली. ज्या एका ठिकाणी त्यांना सर म्हणतात तिथं आली. खूप वाईट वाटलं मला. पण मग ती पट्टी दिसली, खालून पिवळी झालेली.

शिव्या सगळ्या तोंडातच राहिल्या. मी म्हटलं, "अहो, खुर्चीवर बसा. मला पण बघू दे तुमची नाडी किती मोकळी झाली. चालून नंतर दाखवा."

सरला ते आवडलं. त्याला वाटलं मी दाबून बघणार, टोचून बघणार, आणि हे हसत बसणार. "बसा शंकर सर," म्हणाला. "घरच्यांची शंका फिटली पाहिजे. लोकांना पण बघू दे."

हे बसले. मी खाली बसले, पट्टी सोडली. पुढच्या रांगेतल्यांनी नाकाला हात लावले.

"डोळे मिटा," मी म्हटलं. "मी हात लावीन. कुठं लावला ते सांगा. बस."

ह्यांनी डोळे मिटले. शाळेतल्या पोरासारखे ताठ बसले, गुडघ्यांवर हात.

मी अजून हातच लावला नव्हता.

"अंगठा," हे म्हणाले. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

लोकांनी एकमेकांकडं बघितलं. सरच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण माइक खाली आला. मी टाचेला बोट लावलं, चांगलं दाबून.

"करंगळी."

मी अंगठ्याला नख रुतवलं.

"टाच. टाच ना?" आता आवाज जरा हलला होता. पण डोळे मिटलेले. त्यांनी डोळे उघडले नाहीत, फसवलं नाही. भोळा माणूस, प्रामाणिकपणे अंदाज सांगत होता. जिंकायचं होतं ना त्यांना.

मग मी तो पाय दोन्ही हातांत घेतला. अख्खा पाय, जखमेसकट, तळवा एका हातात आणि वरून दुसरा हात. घट्ट धरला. पिळवटून धरला, माझी बोटं पांढरी पडली. किती वर्षांचा संसार, पण असा मी ह्यांना कधी धरला नसेल.

हॉलमध्ये पंख्याचा आवाज येत होता.

हे वाट बघत होते. तोंडावर हसू होतं. कपाळावर घाम.

"लाव ना हात," हे म्हणाले. "का थांबलीस?"

मालिनीनं तोंडावर पदर धरला. मला बोलताच येईना, मला! 

"सरू? लाव की."

त्या शांततेतच ह्यांना काहीतरी समजलं असणार. डोळे उघडले. खाली बघितलं. माझे दोन्ही हात बघितले, त्यांच्यात स्वतःचा पाय बघितला. मग फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "कधीपासून धरलायस गं?"

"मघापासून."

यज्ञेश सर शेवटपर्यंत सरच. माइक उचलून म्हणाला, "ही शून्य अवस्था आहे. ह्यात स्पर्शाच्याही पलीकडं..."

तेव्हा मात्र माझं तोंड सुटलं. "पलीकडं तू जा, भडव्या! ह्यांचा पाय सडतोय, आणि तू सडलेला पाय बघून चांगलं लक्षण म्हणतोस? दिसत नाहीत त्या नाड्या तुला दिसतात आणि काळं पडलेलं बोट दिसत नाही? ते चार्ट, तो चष्मा, सगळं घालून तू बुवाच आहेस. बुवा बरा रे, तो निदान लिंबू तरी देतो, सरबत होतं त्याचं!" आणि अजून बरंच काही म्हटलं, ते इथं सांगत नाही, पायल ऐकेल. चप्पल हातात आली होती एवढं आठवतं. मालिनीनं माझा दंड धरला. सर खुर्च्यांच्या मागं गेला.

पण लोक माझ्याकडं बघतच नव्हते. दुसऱ्या रांगेत एक वांगणीचा म्हातारा होता. त्यानं पाय मांडीवर घेतला होता, डोळे गच्च मिटले होते आणि सुनेला हळू सांगत होता, "तू लाव हात. लाव. बघू." त्याच्या बाजूची बाई पण खाली वाकली होती.

पप्पा उठले. तो पांढरा टी-शर्ट अंगातून काढला, घडी घातली, स्टेजवरच्या पाटावर ठेवला आणि बनियनवर जिना उतरले. मी मागून बघत होते. लंगडत पण नव्हते. लंगडायला दुखावं लागतं.

दोन बोटं गेली. करंगळी आणि शेजारचं. ठाण्याच्या सरकारी हॉस्पिटलातली सर्जन मॅडम म्हणाली, थोडं उशिरा आला असतात तर मी गुडघ्याखालचं सांगितलं असतं. खिळ्याची जखम भरायला फार दिवस लागले. नसा परत येत नाहीत म्हणे, जे गेलं ते गेलं. गोळ्या चालू आहेत, इंजेक्शन मी देते. केंद्र बंद झालं नाही. बोर्ड तिथंच आहे, कारखान्यात जाताना मी रोज त्याच्याकडं बघून थुंकते आणि सेठ म्हणतो, सरस्वती, रस्ता गंदा मत कर.

मॅडमनी सांगितलंय, ह्यांना जे कळत नाही ते तुम्ही डोळ्यांनी बघायचं. रोज. म्हणून रोज संध्याकाळी हे पलंगावर पाय सोडून बसतात, मी खाली बसते. बोटांच्या बेचक्या, टाचा, कडा, सगळं बघते. हे बिचारे छताकडं बघत बसतात, लाज वाटते त्यांना. पहिल्या दिवशी मी न सांगताच पाय हातात घेतला, आणि बघते तर हे अजून वाट बघतायत. तेव्हापासून हात लावायच्या आधी मी तोंडानं सांगते.

"धरला हं."

"हं," हे म्हणतात.